आधी देवक विचारावं

(मुलांनो, माझ्याबरोबर एक दुपार मनात आणा. हरारे शहरातली म्बारे वस्ती आणि तिथलं सभागृह. आत डान्सहॉलची चढाओढ चालू होती. दोघांनी एकाच ठेक्यावर एकमेकांची खिल्ली उडवायची आणि लोक ज्याच्यासाठी जास्त ओरडतील तो जिंकला, एवढाच नियम. पहिली फेरी संपली आणि वीज गेली. जनरेटरसाठी पेट्रोल आणायला माणूस पळालाय, तोवर सगळे बाहेर उभे आहेत. सभागृहामागच्या आंब्याखाली, बाटल्यांच्या पालथ्या खोक्यावर एक म्हातारा बसलाय; त्याला सेकुरू, म्हणजे आजोबा, म्हणतात. त्याच्या लेकीची लेक शुवाई, वय बारा, त्याच्याकडे पाठ करून उभी आहे. तिचं तोंड केव्हापासून चालू आहे. आपण आत्ता पोचलो. ऐका.)

शुवाई : ते सगळं राहू द्या. तुम्ही आधी मला सांगा, तुम्ही कुणाचे आजोबा? माझे की त्याचे?

सेकुरू : पाठीनं विचारलं तर पाठीलाच उत्तर मिळेल. इकडे बघ.

शुवाई : नाही बघणार. सेकुरू, सेकुरू करत मी तुम्हाला पहिल्या रांगेत बसवलं. माझ्या फ्रॉकनं खुर्ची पुसून दिली. आणि मी तिकडे गाते काय, तुम्ही इकडे उठून उभे राहता काय, टाळ्या वाजवता काय. त्या गरिकाईसाठी.

सेकुरू : मी एकटाच उठलो का?

शुवाई : अर्धं सभागृह उठलं. पण त्यांना मी खुर्ची पुसून दिली नव्हती.

सेकुरू : हे मात्र खरं.

शुवाई : टाळ्या वाजवण्यासारखं त्यात होतं तरी काय? मी त्याला माकड म्हटलं. 'गरिकाई आलाय मक्याच्या शेतात, शेपूट लपवून कोटात.' यावर लोकांनी त्याला हसायचं होतं.

सेकुरू : ओळ झकास आहे. शेपूट कोटात. ठेक्यावर छान बसलीय.

शुवाई : मग तो गालात हसून वाकला कशाला? आणि मागच्या म्हाताऱ्या बायका जिभा हलवून लग्नात काढतात तसले आवाज काढायला लागल्या. मी शिवी देतेय आणि हे लोक वऱ्हाडी असल्यासारखे.

सेकुरू : गरिकाईचं देवक काय?

शुवाई : मला काय माहीत?

सेकुरू : गाडी तिथंच घसरली बघ. त्याचं देवक सोको. म्हणजे माकड. माकडाच्या घराण्यातल्या माणसाला तू भर सभेत माकड म्हणालीस, तेही शेपटीचं, कोटाचं वर्णन करून. लोकांना वाटलं, काय गुणाची पोर आहे, देवकाची स्तुती गातेय. आमच्याकडच्या लग्नात भाटसुद्धा इतकं मनापासून म्हणत नाही.

शुवाई : अरे देवा.

सेकुरू : आणि माझं देवक काय?

शुवाई : ...सोको.

सेकुरू : झालं तर. कुळाचं नाव घेतलं की हात आपोआप एकमेकांवर येतात, बाई. मी त्यांना समजावून पाहिलं. म्हटलं, गप्प बसा, आपली नात हरतेय. हात ऐकेनात.

शुवाई : मला कुणी सांगितलं का नाही?

सेकुरू : तू विचारलंस का नाही? मी बस चालवायचो तेव्हा आमचा कंडक्टर रोज कुणाशी तरी भांडायचा. पण आधी विचारायचा, दादा, तुमचं देवक काय? मगच तोंड सोडायचा. म्हणायचा, आधी देवक विचारावं, मग शिवी द्यावी. न जाणो, समोरचा आपलाच चुलता निघायचा.

शुवाई : म्हणजे त्या गरिकाईनं माझं विचारलं होतं?

सेकुरू : त्यानं तुला मासा म्हटलं का? पाणी म्हटलं?

शुवाई : नाही. बादली म्हणाला. 'शुवाईचा आवाज बोअरच्या रांगेतली रिकामी बादली, नंबर येईपर्यंत नुसती खडखडली.'

सेकुरू : हं.

शुवाई : हसू नका.

सेकुरू : मी कुठं हसतोय? दात हवा खाताहेत. तुझं देवक तुझ्या बापाचं. द्झिवा, म्हणजे डोह. डोहातला मासा तुम्हाला खायचा नाही. तो पोरगा मासा म्हणाला असता, तर सभागृहातले सगळे डोहवाले तुझ्यासाठी उठले असते. म्हणून त्यानं पाणी टाळलं आणि बादली धरली. गृहपाठ करून आलाय.

शुवाई : आता त्याचं काय करू? दुसऱ्या फेरीवरच सगळं आहे, सेकुरू. रेकॉर्डिंगवाल्या झेकेच्या नव्या रिदिमवर दहा मोठ्या गायकांची गाणी झालीत. एकच जागा उरलीय आणि ती आज जिंकेल त्याची. मला त्या खोलीत गायचंय. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवलेत ना, तिथं.

सेकुरू : हे रिदिम म्हणजे तेच ना, एकाच ठेक्यावर जो तो आपलं गाणं म्हणतो? पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, रेडिओ बिघडला. वाजणं तेच आणि माणूस वेगळा. मग कळलं. मक्याच्या पिठाचा साद्झा एका पातेल्यातला, कालवण ज्याचं त्याच्या घरचं.

शुवाई : माझ्याकडे कालवणच नाही. त्याच्यावर लिहिलेलं सगळं माकडावर होतं. तीन कडवी. झाडावरचं माकड, केळ्यातलं माकड, आरशातलं माकड.

सेकुरू : तिन्ही गाऊ नकोस. आम्ही तुला खांद्यावर घेऊन नाचू आणि जागा त्याला मिळेल.

शुवाई : तो बघा, आलाच. टोपी, काळा चष्मा लावून. स्वतःला जनरल गारी म्हणवतो. ढग भरलेत तरी चष्मा.

गरिकाई : जनरल गारी पाणी प्यायला निघालाय. वाटेत हरलेल्यांची विचारपूस करतोय.

शुवाई : जनरलनं बुटाची नाडी बांधावी आधी.

गरिकाई : सेकुरू, नमस्कार. दिवस कसा गेला?

सेकुरू : तुझा बरा गेला असेल तर माझाही बरा. नीट टाळी वाजवून नमस्कार करतोस, कुणीतरी शिकवलंय. कुठले तुम्ही?

गरिकाई : वेझ्झाकडचे. डोंगराच्या पायथ्याशी.

सेकुरू : मीही तिकडचाच. पायथ्याशी म्हणजे जुन्या विहिरीजवळचे, की गिरणीजवळचे?

गरिकाई : विहिरीजवळचे. आजोबा सांगतात, आमचं घर तिथलं पहिलं.

सेकुरू : थांब. पहिलं घर म्हणजे थोरल्याचं. आम्ही धाकट्याचे, गिरणीजवळचे. थोरल्या घराची पिढी आमच्यापेक्षा एक पायरी वर चालते. म्हणजे तू... अरे बापरे. बसा, बाबा, बसा. खोकं घ्या.

शुवाई : सेकुरू, तुम्ही उठलात कशाला?

सेकुरू : नात्यानं हा माझा बाप लागतो.

शुवाई : हा? याला अजून मिसरूड फुटलं नाहीये.

सेकुरू : नात्याला मिशी लागत नाही.

गरिकाई : ऐकलंस? बाप. आणि मग ही माझी कोण?

सेकुरू : हिची आई आपल्या सोकोची लेक. आईच्या देवकाचा पुरुष, आजोबा असो वा मामा, मग तो रांगणारा असला तरी, हिचा सेकुरूच. मी सेकुरू आणि तुम्हीही सेकुरू.

गरिकाई : मग हिनं मला सेकुरू म्हणायचं. रोज. शाळेतसुद्धा.

शुवाई : मी मरेन, पण म्हणणार नाही.

गरिकाई : म्हण ना. एकदाच. हळू म्हटलंस तरी चालेल.

सेकुरू : म्हण गं. म्हणण्यात फायदा आहे.

शुवाई : कसला फायदा?

सेकुरू : तू घरी माझ्या ताटातला मांसाचा तुकडा उचलतेस, तेव्हा मी काय करतो?

शुवाई : काही नाही. पाणी पिता.

सेकुरू : का? मला भूक नसते म्हणून? नाही. लेकीच्या लेकरानं मागितलं, की सेकुरूला नाही म्हणता येत नाही. पूर्वापार चालत आलंय. मोठेपणा असा फुकट मिळत नसतो, बाबा.

गरिकाई : हे मला माहीत होतं. म्हणजे, अर्धं माहीत होतं.

शुवाई : सेकुरू गरिकाई.

गरिकाई : अं?

शुवाई : त्या पुडीत काय आहे हो?

गरिकाई : मक्याच्या लाह्या. थोड्याच उरल्यात.

शुवाई : भाचीला भूक लागलीय.

गरिकाई : ...घे.

सेकुरू : दोन्ही हातांनी घे, पोरी. मागतेस ते रीतीनं माग.

शुवाई : दोन्ही हातांनीच घेतली. सेकुरू, ऊन फार आहे हो.

गरिकाई : ढग आहेत. आत्ता तूच म्हणालीस.

शुवाई : मला ऊन लागतंय. टोपी.

गरिकाई : टोपी जनरलची ओळख आहे. टोपीशिवाय लोक मला ओळखणार नाहीत.

सेकुरू : मी काही बोलत नाही. मी आपला नात्यानं लहान.

गरिकाई : घे. मळवू नकोस.

शुवाई : आणि चष्मा.

गरिकाई : चष्मा माझ्या भावाचा आहे. त्याला माहीतसुद्धा नाही मी आणलाय ते.

शुवाई : मग त्याचाही मी मान राखीन. द्या.

गरिकाई : हे बरोबर नाही, सेकुरू. हा अन्याय आहे.

सेकुरू : अन्याय कसला? नातं आहे.

शुवाई : कशी दिसते?

सेकुरू : चोरी करून निघालेल्या माशीसारखी.

शुवाई : आता खरं मागते. दुसऱ्या फेरीत तू काय गाणार आहेस? ते दे.

गरिकाई : काय?

शुवाई : तुझं गाणं दे. पहिली फेरी जिंकलास म्हणून तू मागून गायचं घेतलंस. मी आधी जाऊन तुझंच गाणं गाऊन टाकते.

गरिकाई : सेकुरू, हिला काहीतरी सांगा.

सेकुरू : मागायचा हक्क तिचा आहे. मागावं की नाही, हे मी सांगणार नाही. मी बस चालवायचो, प्रवाशांनी कुठं उतरायचं ते मी ठरवत नसे.

गरिकाई : पण माझ्याकडे काही नाहीच.

शुवाई : खोटं.

गरिकाई : खरंच. बादलीवर सगळं संपलं. म्हणून तर मागून गायचं घेतलं. म्हटलं, तू परत काहीतरी माकडाचं गाशील, मग मी त्यावर उत्तर देईन. हे कुणाला सांगू नका.

शुवाई : म्हणजे मी गेले नाही, तर तू रिकामा.

गरिकाई : आणि तू गेलीस तर तूही रिकामी. तुझी तीन कडवी मी ऐकलीत. बोअरच्या रांगेत तू रोज म्हणतेस. आरशातलं माकड मला सर्वांत आवडलं.

सेकुरू : दोन रिकामी पातेली एकमेकांना काळं म्हणताहेत. या वस्तीत दुसरं काही उरलंच नाही का गायला? शुवाई, त्याचं राहू दे. तुझं काय आहे?

शुवाई : माझं काय असणार?

सेकुरू : डोहाचं. बापाच्या कुळाचं. कुणाचे तुम्ही, कुठल्या पाण्याचे, तुमच्या आज्यांना कशी हाक मारायचे.

शुवाई : मला येत नाही. बाबा जोहान्सबर्गला आहेत. फोनवर फक्त विचारतात, अभ्यास झाला का, छत गळतं का. आत्या ब्रिटनमध्ये, दुसऱ्यांचे म्हातारे सांभाळते. ती रात्रपाळीत असते. तुम्ही सांगा ना.

सेकुरू : मी आईकडचा. तुझ्या बापाच्या कुळाची नावं माझ्या तोंडी शोभत नाहीत. चुकलो तर तुमचे लोक म्हणतील, सोकोचा म्हातारा आमच्या डोहात पाय घालतोय.

शुवाई : मग झालं. सगळ्यांना आहे, मला नाही. माझ्यासाठी उठणारं तरी कोण आहे इथं?

गरिकाई : आहेत की. पुष्कळ आहेत. उजव्या भिंतीकडचा तो सगळा घोळका डोहवाल्यांचा आहे. न्हावी आहे, सायकलवाला आहे. म्हणून तर मी जपून बोललो.

शुवाई : तुला कसं माहीत?

गरिकाई : टोमॅटोवाल्या बाईंनी सांगितलं. फाटकाजवळच्या. मी विचारायला गेलो, शुवाईला काय बोललं तर चालेल? त्यांनी मला निम्मी टोपली निवडायला लावली, आणि मग सगळं सांगितलं. खूप मोठं आहे ते. पाण्याचं, वाळूचं, दुष्काळात कुणी कुणाला पाजलं त्याचं. मी म्हटलं, एवढं नको, मला फक्त काय टाळायचं ते सांगा.

शुवाई : तुला माझं सगळं माहीत आहे आणि मला नाही.

गरिकाई : मी विसरलो. मला टाळायचंच होतं ना. पण त्यांना पाठ आहे. त्या स्वतः डोहाच्याच. तुझी आत्या लागतात.

शुवाई : त्या? मी रोज त्यांच्याशी टोमॅटोच्या भावावरून भांडते.

सेकुरू : आत्याशीच भांडत होतीस, म्हणजे घरचंच भांडण. ऐक, जनरेटर सुरू झाला.

गरिकाई : तुझं नाव पुकारताहेत. पहिली तू.

शुवाई : सेकुरू गरिकाई, आणखी एक मागू का? शेवटचं.

गरिकाई : माझ्याकडे आता बूटच उरलेत.

शुवाई : माझ्या आधी तू जा. मी फाटकापर्यंत जाऊन येते.

गरिकाई : आधी? मी काय गाऊ?

शुवाई : काहीही. माझी कडवी घे. झाडावरचं, केळ्यातलं, आरशातलं. तुला पाठ आहेत.

गरिकाई : स्वतःला माकड म्हणू?

सेकुरू : तुम्ही सोको आहात, बाबा. तुम्हाला काय कमीपणा?

गरिकाई : टोपी तरी दे. थांब... गेली. सेकुरू, ती टोपी घालून पळाली.

सेकुरू : भिंतीवरून बघ. मला तेवढं उंच होता येत नाही. पोचली का?

गरिकाई : पोचली. लोकांना ढकलून पुढं गेली. भाव विचारतेय वाटतं. नाही. खाली बसली. गुडघे टेकून. हात आडवे करून टाळी वाजवतेय.

सेकुरू : बाई काय करतेय?

गरिकाई : गिऱ्हाईक सोडून तिच्याकडे बघत बसलीय. आता बोलायला लागली. शुवाईचे ओठ हलताहेत. मागोमाग म्हणतेय.

सेकुरू : पुन्हा पुकारलं. जा.

गरिकाई : आणि मी हरलो तर? ती जागा मलाही हवी आहे, सेकुरू. मला पण त्या खोलीत गायचंय.

सेकुरू : माहीत आहे. तरी भाचीला नाही म्हणता येत नाही. जा, बाबा. आरशातलं शेवटी घ्या. ते चांगलं आहे.

गरिकाई : नाडी बांधतो आधी.

सेकुरू : तशीच राहू द्या. जा.

शुवाई : सेकुरू, गेला का तो?

सेकुरू : केव्हाच. आता आरशावर आलाय. ऐकू येतंय ना? अर्धं सभागृह टाळ्या वाजवतंय, अर्धं हसून रडतंय. माझे हात मी मांडीखाली धरून ठेवलेत. तुला मिळालं का?

शुवाई : थोडंसं. पहिल्या सहा नावांपर्यंत. बाकीचं शनिवारी सांगते म्हणाल्या, टोपली निवडायला ये म्हणाल्या. आणि आत्तापर्यंत का नाही आलीस, म्हणून कानाला धरलं.

सेकुरू : खरी आत्या आहे.

शुवाई : सेकुरू, ते ठेक्यावर बसत नाही. नावं लांब आहेत. एकाला श्वास पुरत नाही.

सेकुरू : मग ठेक्याला थांबायला सांग. तो मशीनचा आहे, त्याला घाई नसते.

शुवाई : असं कुणी करत नाही.

सेकुरू : तुझा लाह्यांचा हात पुस. पुकारताहेत.

गरिकाई : सेकुरू. पाणी. पाणी आहे का?

सेकुरू : हे घ्या. कसं झालं?

गरिकाई : ओरडले. खूप ओरडले. झेके खुर्चीवर उभा राहिला. मला वाटतं जागा माझीच. ती गेली का?

सेकुरू : आत्ता पायऱ्या चढली. दारातून दिसतंय का?

गरिकाई : दिसतंय. टोपी काढली तिनं. चष्मापण. नीट घडी घालून स्पीकरवर ठेवला, बरं झालं. माईक घेतला. गातच नाहीये. ठेका तर चालू आहे.

सेकुरू : राहू दे चालू.

गरिकाई : ठेकेवाल्याला हात करतेय. थांब म्हणतेय. सेकुरू, तिनं ठेका थांबवला. वेडी आहे का ही? ठेक्याशिवाय कोण ऐकणार?

सेकुरू : मला ऐकू येत नाही. काय म्हणतेय?

गरिकाई : स्वतःचं नाव. मग बापाचं. मग डोहाचं... हळू म्हणतेय. तो न्हावी उभा राहिला. सायकलवाला पण. भिंतीकडचे सगळे उठताहेत, टाळी वाजवताहेत. हसत नाहीत. नुसती टाळी. कुणीतरी फाटकाकडून धावत आलं, टोमॅटोवाल्या बाई आहेत.

सेकुरू : मग टोमॅटोंकडे कोण बघतंय?

गरिकाई : कुणीच नाही. त्या तर पार पुढं जाऊन उभ्या राहिल्या. सहावं नाव झालं. आता सातवं बाई खालून सांगताहेत आणि ही वर म्हणतेय.

सेकुरू : संपलं का?

गरिकाई : संपलं बहुतेक. सगळे तिच्याकडे बघताहेत.

सेकुरू : आणि ती?

गरिकाई : तिनं ठेकेवाल्याकडे बघून मान हलवली. म्हणाली, आता लाव.